पहिला लूप मिळालाय? थोडं थांब

बेरियम टायटनेटच्या नमुन्यावर पहिला लूप, म्हणजे विद्युतक्षेत्र पुढे-मागे बदलताना ध्रुवीकरण (धन-ऋण भारांचं सरकणं) कसं बदलतं त्याचा आलेख, मिळाल्याचा तुझा आनंद समजतो, पण हा लूप सिगारसारखा फुगीर आहे, टोकांना सपाट होत नाही. 2008 मध्ये जे. एफ. स्कॉट यांनी केळ्याच्या सालीवरून असाच बंद लूप काढून दाखवला होता. साल काही फेरोइलेक्ट्रिक नाही, म्हणजे तिच्यात विद्युतक्षेत्राने पलटवता येणारं कायमचं ध्रुवीकरण नसतं. लूप नमुन्यातून नुसत्या वाहून जाणाऱ्या गळतीच्या प्रवाहाचा होता.

खऱ्या फेरोइलेक्ट्रिकच्या आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आण. बेरियम टायटनेटमध्ये टायटेनियमचा आयन ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात मधोमध नसतो, किंचित सरकलेला असतो. विद्युतक्षेत्र उलटं केलं की सगळे आयन एकदम पलटत नाहीत. इलेक्ट्रोडपाशी किंवा एखाद्या दोषापाशी उलट दिशेचं चिमुकलं डोमेन (एकाच दिशेने सरकलेल्या आयनांचा भाग) जन्मतं, मग त्याची भिंत सरकत जाते. याला वेळ लागतो, म्हणूनच वारंवारता वाढवली की सहसा कोअर्सिव्ह फील्डही (ध्रुवीकरण पलटवायला लागणारं क्षेत्र) वाढतं. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आता पुंड (PUND) पद्धतीने, म्हणजे सुट्या पल्सच्या जोड्या देऊन, मोज. नमुना एका दिशेने पलटवून घे, मग उलट दिशेचे दोन सारखे पल्स लागोपाठ दे. पहिल्यात स्विचिंग (ध्रुवीकरणाचं पलटणं) आणि गळती दोन्ही, दुसऱ्यात स्विचिंग नाही. वजाबाकी करून जे उरेल तेच खरं. शिवाय नमुना 140 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बघ. बेरियम टायटनेटचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा नाहीसा होतो ते तापमान, 120च्या आसपास आहे; 140लाही लूप तसाच राहिला तर आधी इलेक्ट्रोड तपास.