डॅशहुंडची पिल्लं काढण्याआधी

मडगावात डॅशहुंड या आखूड पायांच्या कुत्र्यांची जोडी घेतली आहेस, तर आधी हाडांचं बघ, रंगाचं नंतर. आखूड पायांमागे एफजीएफ४ या जनुकाच्या जादा प्रती आहेत. १८व्या गुणसूत्रावरची प्रत २००९ साली सापडली. ती पाय आखूड करते. १२व्यावरची २०१७ साली सापडली, आणि खरी डोकेदुखी तीच. ती मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक करते. मग एक दिवस बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायरीवरून उडी, चकती सरकून मज्जारज्जूवर दाब, आणि मागचे पाय लुळे. धोक्याला एक प्रत पुरते.

गालाच्या आतून बोळा फिरवून या १२व्यावरच्या प्रतीची चाचणी होते. पण या जातीत जवळजवळ सगळ्यांकडे ती प्रत असतेच, म्हणून नुसतं ‘आहे’ कळून उपयोग थोडा. त्यापेक्षा २४ ते ४८ महिन्यांच्या वयात पाठीचा एक्स-रे काढ आणि पांढऱ्या दिसणाऱ्या, म्हणजे कडक झालेल्या, चकत्या मोज. पाच किंवा जास्त दिसल्या तर ते जनावर पैदाशीला नको, कितीही देखणं असो. तोवर जोडी लावायची घाई करू नकोस.

आणि हो, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. शितकडी (भात-कालवण) घालून फुगवू नकोस.