बागेत वापरायची खुकुरी: निवडताना काय बघावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक आहे, परतताना पोखरा आणि काठमांडूत मुक्काम आहे, आणि दापोलीला वडिलांच्या बागेत रोज वापरता येईल अशी अस्सल खुकुरी, म्हणजे वाकड्या पात्याची नेपाळी सुरी, आणायची आहे. सोबत काठमांडूतल्या थामेलच्या दुकानातल्या सिंहमुखी मुठीच्या, पितळी नक्षीच्या सेटचा फोटो टाकून "हा घेऊ का?" असंही विचारलंय.

तो घेऊ नका. भिंतीवर लावायला ठीक आहे, पण बागेत पहिल्याच वाळक्या बांबूवर त्याची धार मुडपेल. कामानिमित्त पूर्व नेपाळात माझं बरीच वर्षं जाणं-येणं होतं. धरान-भोजपूरकडे लोहाराच्या भट्टीला आरन म्हणतात. अशा आरनांत मी तासन्‌तास बसलोय, आणि घरी खुकुरी रोज हातात असते. एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की खुकुरीचा सगळा दर्जा तिच्या धारेला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून पाण्याने ती कडक करण्यात असतो. आकार, मूठ, म्यान, नक्षी हे सगळं त्यानंतर.

चांगल्या कामाच्या खुकुऱ्या बहुतेक वेळा ट्रक किंवा जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून घडवतात. भंगारातलं लोखंड म्हणून नाक मुरडू नका. हे पोलाद मुळात वर्षानुवर्षं धक्के सोसायला बनवलेलं असतं. त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम असतं, त्यामुळे ते पाणी चांगलं घेतं आणि सहजासहजी तुटत नाही. दुकानदार "स्टेनलेस आहे, गंजणार नाही" असं कौतुकाने सांगू लागला तर ती खुकुरी खाली ठेवा. आरनातल्या पद्धतीने स्टेनलेसला नीट पाणी देता येत नाही.

पाणी देण्याचा प्रकार मात्र बघण्यासारखा असतो. भोजपूरच्या एका आरनात पाहिलेलं सांगतो. पातं लालभडक तापवून झाल्यावर कामीने, म्हणजे लोहाराने, ते चिमट्यात धरलं, धार वर करून. दुसऱ्या हातात लांब तोटीची साधी चहाची किटली. तोटीतून करंगळीहून बारीक धार सोडत त्याने पाणी फक्त धारेच्या कडेवर फिरवलं, मुठीकडून पोटापर्यंत (वाकाच्या पुढचा रुंद भाग), पोटावर दोन-तीन वेळा पुढेमागे, मग टोकाकडे. कड काळी पडत गेली आणि पाठ अजून लालच होती. मग तो थांबला. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू दिली, कडेचा रंग बदलताना एकटक बघत राहिला, आणि मनासारखा रंग आल्यावर पातं गार केलं. अख्खं पातं पाण्यात बुडवलं असतं तर ते काचेसारखं ठिसूळ झालं असतं. या पद्धतीत धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. म्हणून खुकुरी लाकडात अडकली, पिळली गेली, तरी मोडत नाही. नेपाळीत या पाणी देण्याला पाइन म्हणतात. दुकानात "पाइन कसं दिलंय?" एवढं जरी विचारलंत, तरी समोरच्या माणसाला माल माहीत आहे की नाही ते उत्तरावरून लगेच कळतं.

हे तपासायचं कसं? पर्समध्ये एक छोटी बारीक कानस ठेवा आणि दुकानदाराला सांगून, त्याच्यासमोरच, पोटाच्या भागात धारेच्या कडेला हलकेच फिरवा. पाणी नीट असेल तर कानस घसरते, चावत नाही. तीच कानस पाठीवर फिरवली तर तिथे चावायला हवी. धारेवरही पाठीइतकीच सहज चावली तर पातं मऊ आहे. दोन्हीकडे घसरली तर पातं सगळीकडून कडक आहे आणि जोराच्या घावाला तडकू शकतं. कानस लावूच देत नाही म्हणणाऱ्या दुकानातून कामाची खुकुरी घेऊ नये असं माझं मत आहे. टोकाशी आणि अगदी मुठीजवळ कडकपणा थोडा कमी असतो, ते चालतं. घाव पोटानेच बसतो.

धारेच्या कडेला निळी-जांभळी झाक दिसते का तेही उजेडात बघा. ग्राइंडरवर घाईने घासताना कड तापली की हा रंग येतो, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं. दुकानात पॉलिश करून रंग घालवलेला असू शकतो, म्हणून कानस हवीच.

तडे दिसायला सर्वांत अवघड. पाणी देताना कधीकधी धारेला केसाएवढी चीर जाते. पातं तेलाने पुसा, मग कोरड्या फडक्याने घासून स्वच्छ करा आणि वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल थोड्या वेळाने पावडरवर ओली रेघ काढतं. पातं लटकतं धरून पाठीवर नखाने टिचकी मारली तर स्वच्छ, लांबणारा आवाज यावा. बद्द आवाज आला तर तडा असेल किंवा मूठ सैल असेल. नंतर बंदुकीचा नेम धरतात तसं पाठीवरून टोकाकडे बघा, म्हणजे पातं पिळलेलं असेल तर लगेच दिसतं. पाठ मुठीपाशी 8 ते 10 मिलिमीटर जाड असावी आणि टोकाकडे निमुळती होत जावी. सबंध लांबी सारख्याच जाडीची असेल तर ती पट्टीतून कापून काढलेली आहे, घणाखाली घडलेली नाही.

आता प्रकार. सिरुपाते अरुंद, लांब आणि देखणी असते. हलकी असल्याने हातात छान वाटते, पण फांद्या तोडायला तिच्यात वजन नाही. भोजपुरेचं पोट रुंद आणि भरदार, ती लाकडाची. आंगखोला म्हणजे वाकाच्या मागे एक पोकळ पन्हळ काढलेली, आणि चिर्रा म्हणजे पात्यावर दोन-तीन पन्हळी असलेली. पन्हळींनी वजन कमी होतं आणि पातं सुंदर दिसतं, पण बागेसाठी त्यांचे जास्त पैसे देऊ नका. चांदीच्या म्यानाची कोथीमोडा गोरखा पलटणींत अधिकाऱ्याला निवृत्तीच्या वेळी भेट देतात. ती मानाची वस्तू आहे, तिने कोणी फांदी तोडत नाही.

तुमच्या वडिलांच्या हाताला कोकणातला कोयता सवयीचा असणार. त्याचंही पातं आत वळलेलं, त्यामुळे खुकुरीचा घाव त्यांना शिकवावा लागणार नाही. फरक असा की खुकुरीला टोक आहे आणि वजन वाकाच्या पुढे पोटात आहे. मनगट सैल ठेवून वजनालाच काम करू द्यायचं. सुकी फांदी, बांबू, काटेरी झुडपं, सरपण यात ती कोयत्याहून सरस आहे असं मी म्हणेन. नारळ सोलायला आणि माडावर चढताना कोयताच बरा.

मूठ दोन प्रकारची मिळते. एकात पात्याची बारीक शेपटी मुठीच्या आत जाते आणि राळेच्या चिकट्याने बसवतात. या चिकट्याला तिकडे लाहा म्हणतात. दुसऱ्यात पात्याचं पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीत मागपर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा शिंग लावून रिव्हेट मारतात. ती पानावल. बागेसाठी पानावल घ्या. शेपटीवाली आवडली तर मुठीच्या मागच्या पितळी टोपीवर शेपटीचं टोक ठोकून बसवलेलं खरोखर दिसतंय का बघा. बऱ्याच स्वस्त खुकुऱ्यांत तिथे नुसतीच शोभेची चकती असते आणि शेपटी मुठीत अर्ध्यावरच संपलेली असते. अशी मूठ जोराच्या घावाला हातात राहते आणि पातं उडून जातं. लाहा उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा ती गाडीत उन्हात ठेवू नका. शिंगाची मूठ दिसायला छान, पण आपल्या उन्हाळ्यात तडकते आणि घामाने निसटते. शिसवीसारख्या लाकडाची घ्या, आणि वडिलांच्या पंजाचं माप डोक्यात ठेवून धरून बघा. मुठीच्या मधलं कडं आणि मागचा पसरट भाग तळहाताला रुतायला नको.

म्यानाच्या मागे दोन छोट्या वस्तू खोचलेल्या असतात. कर्द म्हणजे छोटी सुरी आणि चकमक म्हणजे बोथट पोलादी पट्टी, तिने धार सरळ करतात. दुकानात म्यानातून या दोन्ही काढून बघाच. नुसत्या पत्र्याच्या असतील तर मोठ्या पात्यातही कसर केलेली असण्याची शक्यता जास्त. आणि म्यानातून खुकुरी काढताना म्यान नेहमी पाठीकडून धरा, बोटं धारेच्या बाजूने गुंडाळू नका. म्यान म्हणजे चामडं चढवलेल्या दोन लाकडी पट्ट्या. धार त्यांच्या सांध्यातून बाहेर येऊन बोटं कापल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. वडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

खुकुरी उपसली की रक्त लागल्याशिवाय म्यानात घालत नाहीत, असं काही जण म्हणतात. हे खरं नाही. नेपाळी घरात तिने दिवसभर काटक्या फोडतात, कोंबडी कापतात, बांबू तासतात. भाजीला वेगळी चुलेसी असते, आपल्या विळीची सख्खी बहीण. दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, बळी देतात हे खरं, पण उरलेलं वर्षभर ते घरातलं अवजार आहे.

खरेदीआधी डोळा तयार करा. पोखऱ्यात गोरखा संग्रहालय आहे, तिथे थोडा वेळ काढा. काठमांडूत स्वयंभूनाथाजवळ छाउनीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे जुनी शस्त्रं ठेवली आहेत. ती पाहून थामेलमध्ये गेलात की काय नको ते आपोआप कळेल. जुनी म्हणून विकायला काढलेली खुकुरी टाळा. 100 वर्षांहून जुनी वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही, आणि नुसती जुनी दिसणारी असली तरी विमानतळावर पुरातत्त्व विभागाचा दाखला मागू शकतात.

भाव करताना फार ताणू नका. खुकुरी घडवणारे कामी, म्हणजे विश्वकर्मा, नेपाळात पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानले गेले. गावाची सगळी अवजारं त्यांनी घडवायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, या पद्धतीला तिकडे बालीघरे म्हणतात. आपली बलुतेदारीच ती. कायद्याने 1963 मध्ये भेदभाव संपवला, पण कामाचा मोबदला आजही बहुतेक दुकानदाराकडे जातो. घडवणाऱ्याकडून थेट घेता आली तर तिथेच घ्या, आणि सांगेल ते पैसे द्या.

कायद्याचं नीट वाचा. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत आहेत, आणि तिथे खुकुरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठीची अवजारं वगळली आहेत, पण खुकुरी अवजार की शस्त्र, हा वाद ऐन वेळी तुम्हाला घालावा लागेल. म्हणून माझा सल्ला असा: साडेआठ इंचांपर्यंतच्या पात्याची, सर्वांत रुंद जागी दोन इंचांच्या आत असलेली, अर्धा किलोच्या आसपासची साधी पानावल घ्या. दुकानात टेप लावून मोजा. बागेच्या कामाला ती पुरते. पावती जपून ठेवा, दापोलीच्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या, आणि ती कमरेला लावून किंवा गाडीत टाकून कुठेही फिरू नका. शस्त्रबंदीचे आदेश आपल्याकडे वरचेवर निघतात. विमानात हातातल्या बॅगेत चालणार नाही. सामानात द्यायची, तीही धार पुठ्ठ्यात बांधून, आणि विमान कंपनीला व कस्टमला निघण्याआधी विचारून.

कोकणातल्या पावसात हे पोलाद एका रात्रीत तांबडं पडतं. काम झालं की चीक धुवा, कोरडी पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. गोडेतेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. जून ते सप्टेंबर म्यानात ठेवूच नका, चामडं ओल धरतं. तेल लावून सुती फडक्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. धार ग्राइंडरवाल्याकडे नेऊ नका, पाच मिनिटांत पाणी उतरवेल. साध्या दगडावर पाणी टाकून, दोन्ही बाजूंची फुगीर गोलाई राखून घासा. ती गोलाई सपाट केलीत तर धार तीक्ष्ण लागते, पण सुक्या लाकडावर लगेच दातरते.

घेण्याआधी फोटो टाकायचे असतील तर पाठीवरून काढलेला, मुठीच्या मागच्या टोपीचा आणि धारेचा जवळून काढलेला, असे तीन टाका. मी बघून सांगतो.