आठवीच्या मुलांना 1971 चं युद्ध समजावं म्हणून गोव्यातलं नौदल विमान संग्रहालय दाखवावं का?

हो, जरूर दाखवा. फक्त युद्धाची गोष्ट आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवा, कारण तिथल्या पाट्यांवर विमानाच्या तांत्रिक माहितीचाच भर आहे. मी इतिहास शिकवतो आणि बोगमाळोच्या या संग्रहालयात सहल नेलेली आहे. सांगायचं ते एवढंच: 4 डिसेंबर 1971 ला विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरीही. ही बाब ऐकली की मुलं कान टवकारतात. मग अंगणात उभ्या विमानांपाशी शोधायला लावा:

- सी हॉक आणि अलिझेच्या शेपटीखालचा हूक (जहाजावर उतरताना तो आडव्या तारेत अडकतो)
- पंख कुठून दुमडतात तो सांधा
- सी हॅरियरला हूक का नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. हॅरियर सरळ खाली उतरू शकतं, हे कुणीतरी शोधून काढतंच. शेजारच्या दाबोळी विमानतळाचीही आठवण करून द्या: गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त करताना 18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. पाचवीच्या आतल्या मुलांना मात्र यात फार रस वाटणार नाही. ती नुसती विमानं बघून दमतात. ऊन टाळायला सकाळीच जा, आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.