सीडी उतरवली, पण गाण्यांची नावं कुठं गेली?

प्रश्न : वडिलांच्या भावगीतांच्या आणि शास्त्रीय गायनाच्या सीडी मुलाने लॅपटॉपवर उतरवून दिल्या. प्रत्येक फोल्डरमध्ये फक्त 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' असं दिसतं. एका सीडीला तर भलत्याच इंग्रजी अल्बमचं नाव आलंय. इंटरनेटवरून नावं आपोआप येतात म्हणे. ती नीट कशी आणायची?
(निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : ताई, ती नावं सीडीवर बहुधा नव्हतीच. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी तेवढी सीडीवर असते, तीही सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजलेली. नावं लिहायची सोय नंतर आली, पण माझ्या कपाटातल्या मराठी सीडींवर ती फारशी वापरलेली दिसत नाही. संगणक मग ही वेळांची यादी ऑनलाइन कोशात शोधतो. दहा-बारा गाण्यांची सीडी असेल तर सहसा गफलत होत नाही. ख्यालाच्या सीडीवर मात्र दोन-तीनच ट्रॅक, त्यामुळे वेळा जुळल्या की कुणा परक्या बँडचं नाव येऊन चिकटतं. तुमची ती 'इंग्रजी' सीडी उघडून बघा, शास्त्रीयच निघेल.

मुलाला 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' नावाचा मोफत प्रोग्राम घ्यायला सांगा. म्युझिकब्रेन्झ हा असाच एक ऑनलाइन कोश, पिकार्ड त्यातूनच नावं आणतो. मूळ फोल्डरची एक प्रत आधी बाजूला ठेवा. आणि फाइलींची नावं एकेक करून हाताने बदलत बसू नका. गाणं, गायक, अल्बम, क्रमांक ही माहिती फाइलीच्या पोटात, टॅगमध्ये लिहायची असते. टॅग नीट असले की सेव्ह करताना फाइलीचं नाव पिकार्ड त्यांच्यावरूनच बदलतो. सेटिंगमध्ये ते सुरू करावं लागतं, एवढंच. फाइली 'वेव्ह' प्रकारच्या असतील तर आधी 'फ्लॅक' या, आवाजाचा दर्जा न घालवणाऱ्या प्रकारात बदलून घ्या. वेव्हमध्ये टॅगचं काही खरं नसतं.

भावगीतांसाठी एक धोक्याची सूचना. पिकार्डमध्ये 'स्कॅन' नावाचं बटण आहे. ते गाण्याच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या आवाजाचा ठसा घेऊन गाणं ओळखतं. ऐकायला झकास वाटतं. पण आपल्याकडे एकच ध्वनिमुद्रण कितीतरी संग्रहांत पुन्हा पुन्हा आलेलं असतं, त्यामुळे तुमच्या एका सीडीची गाणी सात-आठ अल्बममध्ये विखुरली जातात. मी स्कॅन अगदी शेवटी वापरतो. सीडी हाताशी आहेच, तर ती पुन्हा ड्राइव्हमध्ये घाला आणि सीडीवरूनच शोधा. नाहीतर 'क्लस्टर' करून आख्खा फोल्डर एका गठ्ठ्यात घ्या आणि तो योग्य अल्बमवर ओढून टाका. मग वेळा ताडून बघा : दोन-तीन सेकंदांचा फरक चालेल, अर्ध्या मिनिटाचा असेल तर ती सीडी वेगळी.

आता गायकांची नावं. 'भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'पं. भीमसेन जोशी' हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. त्यात रोमन स्पेलिंग आलं की चौथा! माझ्या संग्रहात मी पंडित, उस्ताद, विदुषी सगळे काढून टाकले. अनादर नाही हो, एका माणसाची गाणी एकत्र सापडावीत म्हणून. अनेक गायकांची सीडी असेल तर 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर हवा, नाहीतर प्लेअरमध्ये त्या एका सीडीचे दहा तुकडे दिसतील. नाट्यपदांना संगीतकाराचं नाव 'कंपोझर'मध्ये टाका. तेच पद चार जण गातात, चाल मात्र एकाचीच असते.

काही सीडी कोशात मिळणारच नाहीत. मराठीच्या बाबतीत हे वरचेवर होतं, कारण तो कोश स्वयंसेवक भरतात आणि आपली माणसं त्यात कमी. तेव्हा कव्हर आणि भिंग घेऊन बसायचं. राग, ताल, बंदिशीचे शब्द, साथीदार... कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं असतं. ते टाइप केलंत की मोफत खातं उघडून कोशातही भरा. देवनागरी चालते. कव्हरवर आहे तसंच लिहायचं. 'पंडित' काढायचा तो आपल्या घरी.

प्रश्न : मी टॅग देवनागरीत केले. संगणकावर ठीक दिसतात, गाडीत मात्र नुसते चौकोन! गाणीही उलटसुलट क्रमाने वाजतात.
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : चौकोन दिसतात म्हणजे बहुधा गाडीच्या स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नाही. तुमच्या टॅगची चूक नाही. 'एमपी३टॅग' या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये टॅगचा प्रकार 'आयडी३ व्ही२.३' ठेवून एकदा बघा, जुन्या स्टिरिओंना तो जास्त पचतो. तरीही चौकोनच दिसले तर पेनड्राइव्हसाठी रोमन नावांची वेगळी प्रत करा, घरच्या संग्रहाला हात लावू नका. क्रमाचं म्हणाल तर फाइलीच्या नावात १ नको, ०१ हवं. काही स्टिरिओ नाव न बघता ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. तुमचा तसा असेल तर पेनड्राइव्ह रिकामा करून एकेक अल्बम क्रमाने कॉपी करा.