आधी अंग विसावू द्या, मग नजर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी त्याच्या रक्तातील साखर फार कमी झाली आणि त्याला झटके आले; पुढे १२ दिवस तो काचेच्या पेटीत होता. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत नाही, मात्र छताच्या पंख्याकडे आणि ट्यूबलाइटकडे टक लावून बघतो. जळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळे चांगले असल्याचे सांगितले, तर मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय पाहून ‘सीव्हीआय’ असे निदान केले. तो अजून आधाराशिवाय बसत नाही. सासूबाई रोज तेल लावून त्याचे हातपाय ओढून मोडतात, तेव्हा तो रडून लालबुंद होतो. एका नातेवाइकांनी हळुवार हालचालींनी अशा मुलांना दृष्टी येते, असा व्हिडिओ दाखवला. त्यात तथ्य आहे का, आणि घरी आम्ही काय करावे?
— एक आई, यावल तालुका

उत्तर : ताई, डोळे चांगले आहेत हे नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे आणि मुलाला नीट दिसत नाही हे तुमचे निरीक्षण, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. डोळा प्रतिमा टिपतो. तिचा अर्थ लावण्याचे काम मेंदू करतो, आणि त्यातील मोठा वाटा डोक्याच्या मागच्या बाजूच्या भागाचा असतो. नवजात बाळाची साखर फार खाली गेली आणि काही काळ तशीच राहिली, तर नेमक्या याच भागाला इजा होण्याचा धोका अधिक असतो. यालाच मेंदूजन्य दृष्टिदोष, म्हणजे तुम्हाला सांगितलेला ‘सीव्हीआय’, म्हणतात. तरीही वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, कारण अशा अनेक मुलांना चष्म्याचा नंबरही असतो आणि ‘दोष मेंदूचा आहे’ असे म्हणून तो तपासायचा राहून जातो.

पंख्याचे कोडेही याच ओघात उलगडते. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागील भागाला जखम झालेले काही सैनिक जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले आणि १९१७ साली असे नोंदवले की, त्यांना स्थिर वस्तू दिसत नव्हती, पण तीच हलली की जाणवत होती. मेंदूत हालचाल टिपणारा मार्ग काहीसा वेगळा असतो आणि इतर मार्ग दुखावले तरी तो बऱ्याचदा शाबूत राहतो. तुमचा मुलगा पंख्याकडे बघतो याचा अर्थ त्याची नजर कुठून जागी होते हे तो तुम्हाला दाखवतो आहे. ट्यूबलाइटकडे टक लावणे मात्र वेगळे आहे. ते या मुलांमध्ये बऱ्याचदा आढळते, आणि त्यातून शिकणे फारसे होत नाही. त्याला दिव्याकडे किंवा उघड्या दाराकडे तोंड करून बसवू नये. उजेड त्याच्या पाठीमागून यावा.

आता व्हिडिओविषयी. अशा पद्धतींचा उगम बहुधा मोशे फेल्डेनक्रायस (१९०४–१९८४) यांच्या कामात सापडतो. ते भौतिकशास्त्राचे अभ्यासक आणि जुदोचे जाणकार होते. जोर लावण्याऐवजी हळू, लहान आणि लक्षपूर्वक हालचालींतून शरीर नव्याने शिकते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. तो मला पटतो. परंतु त्यामुळे ‘दृष्टी येते’ या दाव्यामागे भक्कम संशोधन नाही, आणि असे आश्वासन देऊन मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे असे मी स्पष्टपणे सांगेन. फिजिओथेरपी आणि झटक्यांची औषधे त्यासाठी बंद करू नयेत.

मग हळुवार हालचालीचा उपयोग काय? ज्या मुलाला मान सावरायलाच सगळी शक्ती लागते, त्याच्याजवळ बघण्यासाठी काही उरत नाही. पडण्याची भीती, ताठरलेले अंग आणि दृष्टीचे अवघड काम हे तिन्ही एकाच वेळी त्याच्या मेंदूला पेलत नाही, म्हणून तो बघणेच सोडून देतो आणि आपल्याला ते दुर्लक्ष वाटते. अंगाला पूर्ण आधार मिळाला, ते सैलावले, की तेच मूल त्याच जागी, त्याच वस्तूकडे बघू लागते असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सुरुवात जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर करावी. खान्देशातील उन्हाळ्यात सकाळचा गारवा हीच त्यासाठी योग्य वेळ, कारण उकाड्याने कावलेले मूल काहीच शिकत नाही. हात लावण्यापूर्वी त्याचे नाव घ्यावे आणि काय करणार ते सांगावे, कारण न दिसणारा हात अचानक अंगावर आला की ते दचकते. त्याला पाठीवर निजवून गुडघ्यांखाली गुंडाळलेली दुसरी गोधडी ठेवावी, तळहात कमरेच्या दोन्ही बाजूंना टेकवावेत आणि कंबर अगदी थोडी, अंगठ्याच्या रुंदीइतकी, एका बाजूला कलवून परत आणावी. तेथे थांबावे. त्याचा श्वास खोल होतो का, मूठ सुटते का ते पाहावे आणि मगच दुसऱ्या बाजूला जावे. असे चार-पाच वेळा पुरे होते. तुम्हाला ही हालचाल फारच क्षुल्लक वाटेल. तशी वाटली तरच ती बरोबर आहे.

त्यानंतर त्याला कुशीवर घ्यावे आणि पाठीमागे गोधडीची वळकटी लावावी. या स्थितीत डोक्याचा भार जमिनीवर राहतो आणि दोन्ही हात आपसूक समोर एकत्र येतात. बघण्यासाठी मला हीच स्थिती सर्वांत सोयीची वाटते. समोर काळे, बिननक्षीचे कापड टांगून त्यापुढे एकच भडक रंगाची वस्तू हातभर अंतरावर धरावी. तुमच्या भागात पिकलेले केळे सहज मनात येईल, आणि काळ्यावर पिवळा रंग उठूनही दिसतो; पण चार दिवसांत त्यावर डाग पडतात आणि या मुलांना ओळखीची वस्तू बदललेली चालत नाही, म्हणून पिवळा प्लास्टिकचा चमचा किंवा चकाकता छोटा लोटा बरा. तो हळू हलवावा, थांबवावा आणि मनात २० ते ३० अंक मोजावेत. नजर वळायला या मुलांना वेळ लागतो, आणि ती वळण्याच्या बेतात असतानाच आपण कंटाळून वस्तू बाजूला घेतो. हात पुढे करताना तो मान वळवून दुसरीकडे पाहील. त्याला रागावू नये, एका वेळी एकच काम त्याला जमते इतकाच त्याचा अर्थ आहे.

त्या वेळी टीव्ही बंद असावा, बांगड्या काढून ठेवाव्यात आणि शक्य तर फुलाफुलांच्या साडीऐवजी एकरंगी साडी नेसावी, म्हणजे नक्षीच्या गर्दीत तुमचा चेहरा हरवणार नाही. सकाळी १० मिनिटे आणि दुपारच्या झोपेनंतर ५ मिनिटे एवढे बस होते. जांभया, उचकी, पाय ताणणे किंवा तोंड फिरवणे दिसले की थांबावे.

सासूबाईंचे तेल बंद करू नका. त्यांचा हात मुलाच्या ओळखीचा आहे आणि ती या घरातील मोठी जमेची बाजू आहे. फक्त ओढणे, मोडणे आणि हातपायांची तिढी घालणे थांबवावे, कारण ताठर स्नायू ओढल्याने अधिक ताठरतात आणि अशा मुलांचे खुब्याचे सांधे निखळण्याचीही भीती असते. ‘हा तुझा पाय, ही तुझी पोटरी’ असे म्हणत त्यांनी तळहात सावकाश फिरवावा. डोळ्यांत मध, तेल किंवा कोणताही रस घालू नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधले जातील तेव्हा त्याला मोठ्या मुलींसोबत उंच झोक्यावर बसवू नये. तुमच्या छातीला त्याची पाठ टेकवून तुम्ही स्वतः हळू पुढेमागे डोलावे, झोका पूर्ण थांबल्यावरच चमचा दाखवावा.

झटके वाढले, डोळे एका बाजूला ओढले गेले किंवा मूल झोपेतून उठताना वारंवार एकदम आवळल्यासारखे करू लागले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करून न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे, चालवली जातात. अंगणवाडी सेविकेमार्फत तेथे नोंद करावी. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशीही तेथेच करता येईल. सुधारणा किती होईल हे आज सांगता येत नाही, परंतु दृष्टी काही वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने सुधारत गेलेली मुले बरीच असतात.

प्रश्न : माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली आणि आता ६ वर्षांची आहे. ती वाचते, पण उंबरठ्याला ठेचकाळते आणि आठवडे बाजारात माझा हात घट्ट धरून रडते. शाळेत तिला धांदरट म्हणतात.
— एक वडील, शिरपूर

उत्तर : अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मेंदूतील पोकळ्यांलगतच्या तंतूंना इजा झाली, तर अनेकदा नजरेच्या खालच्या अर्ध्या भागातले दिसत नाही. तिला समोरची पाटी दिसते, पायाखालची पायरी दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांना ‘दृष्टिक्षेत्र तपासा’ असे आवर्जून सांगावे, कारण अक्षरांच्या तक्त्यावर ती उत्तीर्ण होईल. घरी पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी रंगवावी आणि रोज अनवाणी, तिने तुमच्या कोपराला धरलेले असताना, गोधडीवरून फरशीवर व पुन्हा गोधडीवर असे अत्यंत सावकाश चालावे. टाच, तळवा, बोटे असा भार कसा सरकतो ते तिने बोलून सांगावे. हाच सराव पुढे ओट्याच्या एका पायरीवर नेता येतो. बाजारात नेणे टाळू नये, मात्र गर्दी होण्याआधी, एकाच दुकानापर्यंत न्यावे. वर्गात पुस्तक उतरत्या फळीवर ठेवण्याची परवानगी मागावी आणि शिक्षकांना तपासणीचा कागद दाखवावा. धांदरट हा शब्द बहुतेक वेळा त्यानंतर आपोआप बंद होतो.