फ्रॅकिंगमध्ये खडक कुठवर फुटला, हे सूक्ष्मभूकंपांच्या ठिपक्यांवरून खरोखर कळते का?

आपण विचारले आहे की, दोन-तीन किलोमीटर खोलीवर वायू काढण्यासाठी पाण्याच्या दाबाने खडक फोडल्यावर (यालाच फ्रॅकिंग म्हणतात) संगणकावर दिसणारा ठिपक्यांचा पुंजका फुटलेल्या खडकाचा नकाशा मानावा का. मी काही वर्षे अशा नोंदी वाचण्याचे काम केले असून आता फोंड्यात भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या मते ठिपके खरे असतात, नकाशा मात्र अर्धाच असतो.

दाब वाढला की आसपासच्या जुन्या भेगा किंचित सरकतात आणि प्रत्येक सरकण्यातून एक अतिसूक्ष्म भूकंप होतो. अशा एका भूकंपाची मोजून काढलेली जागा म्हणजे एक ठिपका. या भूकंपाची महत्ता, म्हणजे त्याचा आकार सांगणारा आकडा, बहुधा उणे ३ ते ० असते. उणे २ महत्तेच्या धक्क्यातून लहरींवाटे सुमारे ६० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सहा किलोचा फणस मीटरभर उंचीवरून पडावा, एवढीच. म्हणून शेजारच्या विहिरीत जिओफोनांची, म्हणजे जमिनीतली कंपने टिपणाऱ्या उपकरणांची, माळ सोडून तो टिपावा लागतो. (मोठा धक्का क्वचितच बसतो, इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ १ एप्रिल २०११ रोजी २.३ महत्तेचा बसला होता.)

फोंड्याहून पणजीकडे एकाच वेळी सुटलेल्या दोन गाड्यांपैकी एक वेगवान असेल, तर मर्दोळला त्यांच्यात थोडेच अंतर पडते, पणजीला बरेच. धक्क्यातून एकाच वेळी निघणाऱ्या वेगवान प्राथमिक आणि संथ दुय्यम लहरींचेही तसेच असते, म्हणून त्यांच्या पोहोचण्यातल्या फरकावरून धक्क्याचे अंतर काढता येते. त्यांचे वेग सेकंदाला ४,००० आणि २,४०० मीटर धरले, तर ३०० मीटरवरच्या धक्क्याच्या दोन लहरी ५० मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचतात. हा फरक वाचताना ५ मिलिसेकंदांची चूक झाली की ठिपका ३० मीटर सरकतो, आणि गोंगाटातून दुय्यम लहरीची सुरुवात नेमकी पकडणे हे या कामातले सर्वांत कटकटीचे काम आहे. शिवाय केबलवरून उतरताना जिओफोन गरगर फिरतो, त्यामुळे त्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे हेच ठाऊक नसते. त्यावर उपाय असा की, विहिरीच्या पोलादी नळीला भोके पाडण्यासाठी जे छोटे स्फोट करतात त्यांची जागा आधीच माहीत असते. म्हणून त्यांच्या लहरींवरून जिओफोनची दिशा ठरवतात आणि गृहीत धरलेले वेगही तपासून घेतात.

एवढी काळजी घेऊनही ठिपका सांगतो तो खडक कुठे घसरला हे. फट रुंदावते तेव्हा बहुतेक हालचाल आवाजाविना होते, आणि पाणी न पोहोचलेल्या भेगाही केवळ ताण बदलल्यामुळे घसरू शकतात. त्यामुळे ठिपक्यांभोवती रेघ ओढून त्या सगळ्या आकारमानाला फुटलेला खडक म्हणणे मला मान्य नाही. पंप थांबल्यावर फटी पुन्हा मिटू लागतात. पाण्याबरोबर आत सोडलेल्या वाळूच्या कणांनी ज्या उघड्या धरल्या त्यांतूनच वायू वाहतो, आणि ती वाळू कुठवर पोहोचली हे ठिपक्यांत दिसत नाही.