रग्ड टॅब्लेटच्या धंद्यात उतरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. रग्ड, म्हणजे धक्के-धूळ-पाणी सोसणारे दणकट टॅब्लेट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्टची जागा मिळतेय, घेऊ का, असं विचारलंयस. घे किंवा नको, हे मी सांगणार नाही. पण होकार कळवण्याआधी एक्सप्लोर टेक्नॉलॉजीजचा इतिहास नीट वाचून काढ. टेक्सासमधल्या ऑस्टिनची कंपनी. १९९६ पासून दणकट टॅब्लेट हाच तिचा धंदा, आणि २०१८ मध्ये बारकोड स्कॅनर-प्रिंटर बनवणाऱ्या झेब्रा टेक्नॉलॉजीजने ती विकत घेतली. मधल्या काळात या धंद्याची जवळपास सगळी दुखणी तिला होऊन गेली.

या धंद्याचं मूळ त्याही आधीचं. १९८९ मध्ये ग्रिड सिस्टिम्सने ग्रिडपॅड हा टॅब्लेट आणला. एमएस-डॉसवर चालणारा, दोनेक किलोचा, पेनने सुटी अक्षरं लिहिली की ओळखणारा. तो घडवणारे जेफ हॉकिन्स पुढे पाम कंपनी काढून नावारूपाला आले, ते असो. ग्रिडपॅड घेतला तो उभ्या-उभ्या फॉर्म भरणाऱ्यांनी. नव्वदच्या दशकात सर्वसामान्यांसाठी पेनवाल्या कॉम्प्युटरचा बराच गाजावाजा झाला आणि तो विरूनही गेला. फॉर्म भरणारा ग्राहक मात्र कुठे गेला नाही, कारण त्याच्या कामाच्या जागी टेबलच नव्हतं.

तुझ्या मेलमध्ये ड्रॉप टेस्टचं फार कौतुक आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. मिल-स्टँडर्ड-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं मानक. त्यातली गाजलेली चाचणी म्हणजे यंत्र चार फुटांवरून २६ वेळा पाडायचं: ६ बाजूंवर, १२ कडांवर, ८ कोपऱ्यांवर. खाली काँक्रीट आणि त्यावर दोन इंची प्लायवूड. आता गंमत बघ. हे २६ मार एकाच नगाने सोसायला हवेत असं नाही, ते पाच नगांत वाटायची मुभा त्याच मानकात आहे. शिवाय पास झाल्याचा शिक्का कुठलंही सरकारी खातं मारत नाही. कंपनी चाचणी करते किंवा करवून घेते आणि ब्रोशरवर स्वतःच छापते. आयपी६७ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. पण हे नव्या नगाचं. पोर्टवरचं रबरी बूच रोज उघडून-लावून सैल झालं की तो आकडा ब्रोशरपुरताच. तेव्हा रिपोर्ट बघशील तर किती नग वापरले ते आधी बघ.

खरं दुखणं वेगळीकडेच आहे. ग्राहक टॅब्लेटसोबत डॉक, म्हणजे तो गाडीत अडकवायची बैठक घेतो, जास्तीच्या बॅटऱ्या घेतो, स्वतःचं सॉफ्टवेअर त्यावर बसवतो. पुढच्या मॉडेलची कड जरा बदलली की शेकडो गाड्यांतले डॉक भंगारात. म्हणून त्याला तोच आकार वर्षानुवर्षं हवा असतो, आणि चिप बनवणारा तर मधेच हात वर करतो. मग पार्ट आधीच साठवून ठेवावे लागतात आणि त्यात पैसा अडकतो. विक्री हजारांत, साच्यांचा खर्च मात्र लाखांनी विकणाऱ्यासारखाच. एक्सप्लोर कित्येक वर्षं तोट्यात होती आणि गुंतवणूकदारांच्या भांडवलावर तगून राहिली. माल वाईट होता म्हणून नव्हे. माझ्या मते हे गणितच असं आहे.

त्यातच एप्रिल २०१० मध्ये ४९९ डॉलरचा आयपॅड आला. तेव्हापासून प्रत्येक खरेदी अधिकारी विचारतो, हाच घेऊन रबरी कव्हर घातलं तर काय बिघडलं? प्रश्न अगदी रास्त आहे, कित्येक कामांसाठी तेवढं पुरतंही. मात्र टॅब्लेट बंद पडल्यावर माणूस आणि गाडी दिवसभर नुसती उभी राहणार असेल, तिथे महागडं यंत्रच स्वस्त पडतं. असा ग्राहक ओळखता येणं हेच विक्रीचं कसब.

ऑस्टिनमध्येच मोशन कम्प्युटिंग ही टॅब्लेट बनवणारी दुसरी कंपनी होती. डेलमधून बाहेर पडलेल्यांनी २००१ मध्ये काढलेली. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये पेनने चालवता येणारा टॅब्लेट पीसी आणला तेव्हा ती पहिल्या फळीत होती. २००७ मध्ये तिने इंटेलसोबत रुग्णालयांसाठी सी५ हा टॅब्लेट केला, मूठ असलेला, जंतुनाशकाने पुसता येणारा. मला विचारशील तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू तीच. २०१५ मध्ये एक्सप्लोरने मोशन घेतली. धाकट्याने थोरल्याला घेतलं म्हण, कारण विक्री मोशनची जास्त होती. आणि तीनच वर्षांत एक्सप्लोर स्वतः सुमारे ९ कोटी डॉलरला झेब्राकडे गेली. याच झेब्राने २०१४ मध्ये मोटोरोला सोल्युशन्सचा एंटरप्राइझ विभाग ३४५ कोटी डॉलरना घेतला होता. यावरून या धंद्याचा आकार तुझ्या लक्षात येईल. एक्सप्लोरच्या टॅब्लेटचं एक्सस्लेट हे नाव झेब्राने पुढेही चालू ठेवलं, कारण जुने ग्राहक त्याच नावाने ऑर्डर देत होते, असा माझा अंदाज.

मुलाखतीच्या पुढच्या फेरीत दोन गोष्टी विचारून घे: आजचा डॉक पुढच्या किती मॉडेलना चालेल, आणि पाच वर्षांनी बॅटरी मिळेल असं ते लेखी देतात का. काय उत्तर मिळालं ते कळव, पगाराचं मग बोलू.